थोरल्याच्या आधी

कोगोला, ९ एप्रिल २०२४

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास. ठीक आहे. कागद ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर आधी वाच आणि मग फाड. मोम्बासातल्या तुझ्या पोस्टपेटीचा क्रमांक शोधायला मला दोन दिवस लागलेत.

सरोवर वर येतंय. दर वर्षी येतं तसं नाही. पाहुण्यांच्या तंबूंच्या सात ओट्यांपैकी चार पाण्याखाली गेले. पाचव्यावर एल्डोरेटहून आलेल्या शाळेच्या मुली उतरल्या होत्या, त्यांच्या बाईंनी सकाळी उठून पाय खाली टाकला तो थेट पाण्यात. बाई मला म्हणाल्या, "माहितीपत्रकात लिहिलंय सरोवर शंभर पावलांवर आहे." मी म्हटलं, "बाई, पत्रक छापलं तेव्हा होतं." हसल्या नाहीत. जेवणही न करता सगळ्या निघून गेल्या. तुझ्या भावजयीने, अदोयोने, चाळीस चपात्या लाटल्या होत्या, त्या आम्ही तीन दिवस खातोय.

लव्हाळ्यातून जाणारी फळ्यांची पायवाट तुला आठवते ना? निम्मी तरंगते आहे. मी अजून पाहुण्यांना घेऊन जातो, पण मचाणापर्यंत पोचता येत नाही. लव्हाळी मुळासकट सुटून बेटासारखी वाहत जातात, आणि त्यांच्यात घरटी करणारे लाल छातीचे पक्षी कालपासून ओरडतायत. पाहुण्यांना वाटतं गातायत. मी सांगत नाही.

मुद्द्यावर येतो. तू एक दिवस यायला हवंस. एकच दिवस आणि एक रात्र.

कारण तुला माहीत आहे, तरी लिहितो, म्हणजे मला कळत नव्हतं असं तू नंतर म्हणायला नको. बाबांचं कुंपण, आतल्या सगळ्या झोपड्यांसकट, पाण्याखाली जाणार. टेकडीवरची जमीन आपली आहे, कोरडी आहे. पण तिथे आधी घर उभं करायचं ते थोरल्याने. कुऱ्हाड तुझी, कोंबडा तुझा, विस्तव वहिनीच्या हातात. एका दिवसात झोपडी, एक रात्र तुम्ही दोघं तिच्यात झोपलात की काम झालं. मग तुझ्या कुंपणात आईची वेगळी झोपडी, आणि मग माझं कुंपण. ओजवांग काकांनीच हा क्रम लावून दिलाय. बाबा गेल्यापासून घरातलं वडीलधारं माणूस तेच. मी आधी गेलो तर तुला ओलांडून गेलो. बाधा माझ्या पोरांना लागेल आणि तुला त्या टेकडीवर जन्मात घर बांधता येणार नाही.

मी बेचाळीस वर्षांचा आहे. तीन पोरं आहेत. अजून फाटकाजवळच्या पोरवयातल्या झोपडीत राहतो, कारण माझा दादा मोम्बासाच्या बंदरात क्रेन चालवतो आणि त्याला घर बांधायला सवड नाही. टोमणा आहे हा, हो. पण ये.

तुझा,
ओयूगी


कोगोला, १८ एप्रिल

दादा,

पहिलं पत्र पोचलं असेल असं धरून चालतो.

सातही ओटे गेले. स्वयंपाकाची पडवी गेली. पाणघोडे आता संध्याकाळी तंबूंच्या मैदानात येऊन चरतात, आणि काल एकाने पायवाटेच्या नकाशाची पाटी पाठीने खाजवून खाजवून पाडली. पाहुणे बंद झाले. दलदलीच्या उद्यानाच्या साहेबांनी फाटकाला साखळी लावली आणि मला म्हणाले, "ओयूगी, तू आता सुट्टी घे." मी म्हटलं, "साहेब, मी इथे राहतो. सुट्टी घेऊन जाऊ कुठे?"

भोंग्याची गाडी दोनदा येऊन गेली. सर्वांनी उंचावर जावं. शेजारचे लोक गेले. त्यांच्यातले थोरले घरातच होते, त्यांना सोपं होतं. एकाचा थोरला भाऊ नैरोबीत होता, तो बसने आला, कुऱ्हाड मारली, झोपला, दुसऱ्या दिवशी कामावर. इतकंच असतं ते.

आईशी रोज तेच बोलणं होतं. कालचं लिहितो.

मी म्हटलं, "आई, वर चल."

"वर काय आहे?"

"कोरडी जमीन."

"कोरडी जमीन तरसालापण असते. घर आहे का?"

"घर थोरला बांधेल, तू आधी चल."

"आधी कशी चलू? तुझ्या बापाने मला इथे आणलं तेव्हा पुढे तो होता, मागे मी. मी कधी बिनघराच्या जमिनीवर झोपले नाही आणि आता म्हातारपणी झोपणार नाही. माझ्या ओबिएरोला बोलव."

"बोलावलंय."

"मग येईल."

पलंगाच्या चार पायांखाली मी दगड ठेवलेत. ती वर मांडी घालून बसते, ओमेना मासे निवडते, आणि खालून पाणी जातं. बाबांच्या थडग्याचा फक्त क्रूस दिसतो. त्यावर सकाळी एक पाणकावळा पंख वाळवत बसतो. आई त्याला दगड मारत नाही, मलाही मारू देत नाही.

तू म्हणशील पाहुण्यांचा हा तळ तिथे काढलाच कशाला. खरं सांगू? तळ तुझ्याच डोक्यातून निघाला होता. दलदल बघायला लोक लांबून येतील, त्यांना झोपायला जागा द्या, असं तूच बाबांना म्हणाला होतास. मी पाहुण्यांना हे सांगत नाही. त्यांना वाटतं मीच हुशार.

भांडण तंबूंवरून झालं नव्हतं. तंबू कुंपणाच्या आत आणू नकोस, इतकंच तू म्हणाला होतास, तेही बाबांना पुरलं त्याच दिवशी, आणि मी चारचौघांत म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. हे मी बोलायला नको होतं. तू उठून गेलास, तेही जायला नको होतं. थोरल्याने चार दिवस थांबायचं असतं. दोघांचं चुकलं, फिटंफाट झाली असं समजू.

तुझी झोपडी आहे तशी आहे. छपराचं थोडं काम निघालंय, बाकी ठीक. तुम्ही दोघं आलात की राहायची काळजी नको.

ओयूगी


कोगोला, २५ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं. चार वर्षांत पहिलं, आणि त्यात दोन ओळी. "तुझी पत्रं मिळाली. माझ्या झोपडीचा फोटो पाठव."

मी ते पत्र खिशात घेऊन दिवसभर गुडघाभर पाण्यात हिंडलो. फोटो कशाचा पाठवू?

तुला माहीत आहे. माहीत असल्याशिवाय तू असं लिहिणार नाहीस. डिसेंबरमध्ये मोम्बासाहून चौघं मासेमारीला आले होते, त्यातला एक जण बंदरात काम करतो असं म्हणाला होता. मी त्याला तंबू क्रमांक सहा दिला. सकाळी तो अंघोळ करून आला आणि म्हणाला, "गरम पाण्याची सोय मस्त केली आहे हो." त्यानंतर आठवड्याभरात तुझा नंबर लागेना. मी इतकाही मूर्ख नाही, दादा. दोन आणि दोन मला करता येतात. फक्त करायचे नव्हते.

हो. तुझी झोपडी मी पाडली. गेल्या वर्षी जूनमध्ये. तिथे पाहुण्यांचं न्हाणीघर बांधलं. पाहुण्यांची तक्रार असायची, अंघोळीला जागा नाही, आणि कुंपणात सपाट, निचऱ्याची जागा तेवढीच होती. तू तीन वर्षं फिरकला नव्हतास. छपराला वाळवी लागलेली होती, हे मात्र खरं आहे. आईला मी सांगितलं वाळवीने पडली. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिथली माती मूठभर उचलून स्वतःच्या पलंगाखाली ठेवली. म्हणजे तिलाही कळलं असेल.

जिवंत माणसाची झोपडी पाडायची नसते. पाडली म्हणजे तो मेला, असं आपण सगळ्यांना सांगितलं. मला हे लहानपणापासून माहीत आहे, तुला जितकं माहीत आहे तितकंच. तरी पाडली. रागात नव्हतो, हे जास्त वाईट. सोयीसाठी पाडली.

आता तेही न्हाणीघर पाण्याखाली आहे. तुला बरं वाटणार असेल तर वाटू दे.

माफी मागतो. माझ्याकडे यापेक्षा मोठा शब्द असता तर तो लिहिला असता. तू माझ्यासाठी येऊ नकोस. आईसाठी ये. पाणी पलंगाच्या दगडांना लागलंय, आणि दगडांवर दगड किती ठेवणार?

ओयूगी


कोगोला टेकडी, ४ मे

दादा,

तुझं उत्तर नाही. कळतंय मला.

वरचा पत्ता बघून गैरसमज करून घेऊ नकोस. मी घर बांधलेलं नाही. आम्ही तंबूत राहतोय. हो, पाहुण्यांच्या. आमची झोपडी मंगळवारी बसली. भिंती आतून विरघळल्या आणि छप्पर टोपीसारखं खाली आलं. पोरं शाळेत होती, अदोयो माझ्याबरोबर तंबू गोळा करत होती, म्हणून वाचलो.

पण टेकडीवर तंबू लावायचा की नाही, यावरून ओजवांग काकांसमोर अख्खी दुपार गेली. काका म्हणाले, "जमिनीत खुंटी ठोकली की घर झालं. थोरला आल्याशिवाय खुंटी नाही."

अदोयो म्हणाली, "मग बकरी बांधायला खुंटी ठोकतात ती? ते बकरीचं घर का?"

"सून फार बोलते."

"सून पावसात उभी आहे, काका. कोरडी असती तर कमी बोलली असती."

शेवटी काकांनी निकाल दिला. खुंट्या ठोकायच्या नाहीत, दोऱ्या झाडांना आणि दगडांना बांधायच्या. चूल पेटवायची नाही, कारण घरातला विस्तव वर आला की घर आलं. पाहुण्यांच्या गॅसच्या शेगडीवर चहा करायला हरकत नाही, त्या आगीला आईबाप नाहीत. आणि कुणी विचारलं तर सांगायचं, आम्ही मुक्कामाला आलोय. आयुष्यभर मी लोकांना तंबू कसा लावायचा ते शिकवलं, दादा, आणि आता स्वतःच्या जमिनीवर स्वतःच पाहुणा होऊन बसलोय. धाकटी विचारते, "बाबा, आपलं बुकिंग कधीपर्यंत आहे?" हसायला येतं आणि मग येत नाही.

आई खालीच आहे. तंबूत यायला तयार नाही. "मी मुक्कामाला जाणारी बाई नाही," म्हणते. "मी घरात राहणारी आहे." रोज सकाळ-संध्याकाळ मी होडीने तिला मक्याच्या पिठाची उगाली आणि चहा नेऊन देतो. खिडकीतून देतो, दार आता उघडत नाही. रात्री आपला चुलतभाऊ होडी तिच्या भिंतीला बांधून होडीत झोपतो. पाणघोडे भिंतीला अंग घासतात, ते तिला आतून ऐकू येतं. मी विचारलं, भीती वाटत नाही? म्हणाली, "पाणघोडा काय, तोही घर शोधतोय."

उचलून आणायचं म्हटलं तर आणता येईल. हलकी आहे, तुझ्या-माझ्या एकट्याच्या खांद्यावर बसेल. पण मग काय? मोडीत काढल्यासारखं होईल. काकाही म्हणतात, "तिच्या मनाविरुद्ध आणलीस तर ती इथे बसून मरेल, आणि तिथे ठेवलीस तर तिथे मरेल. तुझं तू बघ." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी काहीच बघू शकत नाही. सौर दिव्याची बॅटरी बुडाली, फोन बंद पडलेत, रस्ताही दोन ठिकाणी वाहून गेलाय म्हणतात. पत्र होडीने, मग मोटरसायकलने, मग बसने येतं. तू यायचं ठरवलंस तर तसाच उलटा ये.

ये ना, दादा.

ओयूगी


कोगोला टेकडी, १२ मे

दादा,

झालं. मी केलं.

परवा दुपारी आईच्या घराची मागची भिंत गेली. मी जेवण घेऊन गेलो तर ती पलंगावर उभी होती, एका हाताने वासा धरून, दुसऱ्या हातात बाबांचा कोट. पाणी तिच्या पोटरीपर्यंत, पलंगावर उभं राहून. मला बघून म्हणाली, "ओबिएरो आला का?"

मी नाही म्हणू शकलो नाही.

खिशात तुझं पत्र होतं, ते दोन ओळींचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. मी ते काढलं आणि होडीत उभं राहून तिला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही, तुझं अक्षर मात्र ओळखते. मी वाचलं: "आई, मला कामावरून सुटता येत नाही. धाकट्याने माझ्या वतीने कुऱ्हाड मारावी. मी शब्द देतो. त्याने माझ्या आधी घर बांधावं आणि तू त्याच्याबरोबर जावंस."

तिने बाबांचा कोट खांद्यावर टाकला. मग म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं. शब्द तेच ठेवायची काळजी घेतली.

"त्याला तिथे घर नकोय?"

"असं नाही आई. येता येत नाही त्याला."

"शब्द दिलाय म्हणजे ओलांडणं होत नाही. बाधा नाही लागणार. पण टेकडी तुझी झाली, त्याची नाही. हे त्याला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हटलं.

काल पहाटे मी कुऱ्हाड घेतली. अदोयोने मडक्यात आईच्या चुलीचा शेवटचा विस्तव घेतला, तो आईने रात्रभर होडीत मांडीवर धरून जिवंत ठेवला होता. कोंबडा शेजाऱ्यांकडून आणला. वीस जणांनी मिळून संध्याकाळपर्यंत झोपडी उभी केली, भिंती ओल्याच आहेत. आई दोन्ही रात्री होडीतच झोपली, तिची झोपडी आज झाली. ती आत आहे. कोरडी आहे. झोपली आहे.

ओजवांग काकांनाही मी तेच पत्र दाखवलं. त्यांचा चष्मा वाहून गेलाय.

तू उत्तर दिलं नाहीस. मी पंधरा दिवस वाट पाहिली. मला वाटलं तू येणार नाहीस, न्हाणीघर वाचल्यावर कोण येईल. मला असंच वाटलं. ते खरं आहे की नाही ते तू ठरव, पण मी तुझ्या नावाने खोटं बोललो आणि त्याने आई वाचली. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन असं वाटतं. आज तरी वाटतं.

ओयूगी


कोगोला टेकडी, २२ मे

दादा,

फोन काल सुरू झाला. तुझे अकरा कॉल दिसले, सात मेपासून तेरा मेपर्यंत. शेवटचा तुम्ही नारोकला अडकला होतात तेव्हाचा असणार. आता तुझा नंबर लागतो, मी लावून पाहिला आणि वाजायच्या आत बंद केला. आवाज ऐकला तर मला बोलता येणार नाही. कागद बरा.

चौदा तारखेला जे झालं ते तू स्वतः पाहिलंस. तरी लिहितो, कारण तू त्यातलं काहीच बोलला नाहीस, आणि कुणीतरी ते कुठेतरी म्हटलं पाहिजे.

दुपार होती. मी कुंपणाच्या काटेरी फांद्या लावत होतो. खालून मोटरसायकलचा आवाज आला आणि तिच्यावरून तुम्ही दोघं उतरलात. वहिनींना मी फक्त फोटोत पाहिलं होतं. त्यांच्या हातात मातीचं झाकण लावलेलं भांडं, तुझ्या पाठीला टोपली, टोपलीतून कोंबड्याची मान बाहेर. वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी कुऱ्हाड. तुझी पॅंट गुडघ्यापर्यंत चिखलाने वाळलेली. पाच दिवस लागले तुम्हाला, हे नंतर मोटरसायकलवाल्याने सांगितलं. नारोकजवळ रस्ता वाहून गेला म्हणून तीन दिवस बसमध्येच होतात. तू टेकडीच्या जुन्या वाटेने वर चढत होतास, झपझप, बाबा चालायचे तसा.

आणि मग तुला धूर दिसला.

मी तुझ्याकडे बघत होतो. तू थांबलास. माझी झोपडी बघितलीस, आईची बघितलीस. पाय पुढे टाकला नाहीस. मला वाटलं आता ओरडशील. मला हवं होतं तू ओरडायला. तू टोपली खाली ठेवलीस, हळूच, कोंबड्याला लागू नये म्हणून.

आई बाहेर आली. ती धावली, दादा. महिनाभर जी पलंगावरून उतरत नव्हती ती धावत खाली गेली. तुझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि पहिला प्रश्न विचारला तो हा: "तूच लिहिलंस ना, धाकट्याने पुढे व्हावं म्हणून? मला त्याने वाचून दाखवलं."

तू माझ्याकडे बघितलंस. मी कुंपणाशी उभा होतो, हातात काटेरी फांदी. तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. माझं तोंड उघडलंच नाही.

"हो, आई," तू म्हणालास. "मीच लिहिलं."

"मग ही कुऱ्हाड?"

"ओयूगीसाठी आणली. त्याची जुनी आहे."

वहिनींनी भांडं खाली ठेवलं. त्याच्या आतला विस्तव वाटेवरच विझला असेल कधीतरी, की तुम्ही इथेच कुणाच्या चुलीतून घेतला होता, मला माहीत नाही. त्यांनी झाकण काढलं नाही. थोड्या वेळाने त्या माझ्याजवळ आल्या आणि किनारपट्टीच्या त्या गोड बोलीत विचारलं, "तुमचे तंबू किती जणांचे असतात?"

"दोघांचे, वहिनी."

"मग एक द्या. आज मुक्काम करतो."

मी दिला. आणखी काय करणार होतो? थोरला म्हणून तू माझ्या कुंपणात झोपू शकत नव्हतास, आणि स्वतःचं बांधू शकत नव्हतास. टेकडीच्या पायथ्याशी, पाण्यापासून वीस पावलांवर, मी तुला तंबू लावून दिला. दोरीची गाठ बसेना. तू माझ्या हातातून दोरी घेतलीस आणि बांधलीस. अदोयोने तुम्हाला मासे आणि उगाली नेऊन दिली. ती म्हणाली, तुम्ही दोघांनी बाहेर बसून लव्हाळ्यांकडे बघत खाल्लं, आणि तू वहिनींना पक्ष्यांची नावं सांगत होतास. मीच शिकवली होती ती तुला, का तू मला, आता आठवत नाही.

सकाळी तुम्ही गेलात. तंबू घडी करून ठेवला होता, पाहुणे कधीच इतका नीट ठेवत नाहीत.

आता जे तुला माहीत नाही ते. त्यासाठीच हे पत्र आहे, बाकी सगळं मी टाळाटाळ करत लिहिलं.

आई माझ्याशी छान बोलते. सून चांगली, झोपडी कोरडी, भिंती वाळल्या. पण तुझ्याबद्दल बोलणं तिने बंद केलंय. चार दिवसांपूर्वी मी विचारलं तेव्हा म्हणाली, "थोरल्याला नकोच होतं हे घर. त्याने लिहून देऊन टाकलं. कुऱ्हाडपण देऊन टाकली. ज्याला आईजवळ घर नको, त्याचं मी काय करू?" मी म्हटलं, आई, असं नसेल. म्हणाली, "त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं ना? तू होतास की तिथे."

मी होतो तिथे.

रोज ठरवतो, आज सांगतो. सकाळी चहा नेतो तेव्हा ठरवतो. मग ती विचारते रात्री पोरं झोपली का नीट, आणि मी म्हणतो हो. सांगितलं तर तिला कळेल की हे घर खोट्यावर उभं आहे, ओलांडणं खरोखर झालंय, बाधा खरी आहे. ती त्याच क्षणी उठून पाण्यात चालत जाईल, मी तिला ओळखतो. नाही सांगितलं तर तू तिच्यासाठी घर टाकून गेलेला मुलगा. दोन्हीकडून तूच भरतोस. मी एका बाजूने वाचवायला जातो तर दुसऱ्या बाजूने बुडवतो. माझा स्वतःचा मला राग येतो आणि त्या रागाचा काही उपयोग नाही.

आज बाजारात गेलो होतो, तिला घेऊन. पाणी चढल्यापासून मासळीबाजार वरच्या रस्त्यावर भरतो. गावात तिला तिच्या नावाने कुणी कधी हाक मारली आहे का? तू जन्मलास त्या दिवसापासून ती मिन ओबिएरो, ओबिएरोची आई. बाबाही तिला तेच म्हणायचे. तराजूवाल्या बाईने लांबून हाक मारली, "मिन ओबिएरो, इकडे ये, तिलापिया ताजा आहे!"

आई चालतच राहिली. बाईने दुसऱ्यांदा हाक मारली. तेव्हा आई थांबली, वळली आणि म्हणाली, "मी ओयूगीची आई. त्या नावाने हाक मार, म्हणजे ऐकू येईल."

सगळा बाजार ऐकत होता. तराजूवाली माझ्याकडे बघायला लागली. मी आईच्या शेजारी उभा होतो, दादा, हातात पिशवी धरून, आणि मी गप्प राहिलो.

ओयूगी